दाते जिथे, निरोप तिथे

तातडीने हवे. बी निगेटिव्ह, दोन बाटल्या. खाली पेशंटचं पूर्ण नाव, वय २६, बाळंतपण, हॉस्पिटल, मजला, कॉट नंबर. त्याखाली नवऱ्याचा मोबाइल. शेवटी हात जोडलेली दोन चित्रं आणि ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. तारीख कुठेच नाही.

मिरजेत असे निरोप नवे नाहीत. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी इथे हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. सांगली-कोल्हापूरचे तर सोडाच, बेळगाव, विजापूर, बागलकोटचेही पेशंट इथे येतात. त्यांचं गावात ओळखीचं कुणी नसतं, आणि रक्त तर लागतंच. म्हणून रक्तदात्यांचे ग्रुप. त्यातला एक अनघा चालवते. तिचं मेडिकल दुकान आहे. तिला मदत करतात नाना, दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. दात्यांची वही त्यांच्याकडे : कुणी कधी दिलं, पुरुषाचे ९० दिवस आणि बाईचे १२० दिवस कधी भरतात, सगळं हाताने लिहिलेलं. मी त्या ग्रुपमधला एक साधा दाता. वरचा निरोप नानांनी अनघापुढे धरला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि मला घाई नव्हती.

नाना : ही बाई केव्हाच घरी गेली. तिचं मूल आता रांगत असेल. तिच्या नवऱ्याला अजून फोन येताहेत. काल मीच लावला. तो म्हणाला, काका, नंबरच बदलून टाकू का? आणि निरोप सुटला कुठून, तर आपल्याच ग्रुपवरून. मी म्हणतोय ते आता तरी ऐक. ग्रुप सिग्नलवर ने.

अनघा : सिग्नलवर असता तर फिरला नसता? नाना, पुढे ढकलायला कुठल्याही ॲपवर अंगठाच लागतो.

नाना : फिरण्याचं सोड. मी कंपनीचं बोलतोय.

अनघा : तुम्ही नेहमीच कंपनीचं बोलता. व्हॉट्सॲपवरचे निरोप एप्रिल २०१६ पासून कुलपात आहेत. आणि ते कुलूपही सिग्नलवाल्यांचंच, हे तुम्हीच मला सांगितलंय. मग भांडण कशाचं?

नाना : कुलूप मजकुराला. बाकीचं उघडं. मी खात्यात होतो तेव्हा लोकांना वाटायचं, आम्ही बोलणं ऐकतो. बोलणं कोण ऐकत बसतो? कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती वेळ, एवढं कळलं की घरात काय चाललंय ते कळतं. व्हॉट्सॲपच्या धोरणातच लिहिलंय की ग्रुपचं नाव, फोटो, वर्णन ही माहिती ते घेतात. आता आपला दुसरा ग्रुप आठव. नाव काय ठेवलंयस? ‘थॅलेसेमिया पालक, मिरज’. एक अक्षरही वाचायला नको. त्या ग्रुपमध्ये कोण आहे एवढ्यावरूनच कळलं, कुणाच्या घरात आजारी मूल आहे.

यावर अनघा थोडी थांबली. मीही. मजकूर सुरक्षित आहे ना, मग झालं, असं मानून आपण पुढे जातो. पण ग्रुपचं नाव हीच बातमी असू शकते, हा मुद्दा नानांनी अचूक टिपला होता.

नाना : सिग्नलला हे ठाऊकच नसतं. ग्रुपचं नाव नाही, त्यात कोण आहे तेही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीने त्यांच्याकडे माहिती मागितली. त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जे साठवलंच नाही ते देणार कुठून?

अनघा : पटलं. आता माझं ऐका. आपल्या ग्रुपमधून कोण कोण बाहेर पडलं आणि का, ते तुमच्या वहीत नाही. ती नर्सिंगची मुलगी आठवते? ओ निगेटिव्ह होती. रक्त देऊन आली, ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रात्री अकराला ग्रुपमधल्याच कुणाचा तरी ‘हाय’ आला. नंबर सगळ्यांना दिसतो ना. तिने ‘लेफ्ट’ केलं. दुसरी एक, तिचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघालं म्हणून रक्तपेढीने परत पाठवलं. तिने बापडीने ग्रुपवर तसं लिहिलं. ग्रुपमध्ये तिची लांबची मावशी. मावशीचा फोन थेट आईला : मुलीला काय झालंय, स्थळं बघताय ना? नाना, यांच्यातल्या एकीलाही अमेरिकेतल्या कंपनीची भीती नव्हती. भीती गल्लीतल्या माणसाची आणि घरातल्या मावशीची. तुमचं सिग्नल मावशीपासून वाचवतं का?

नाना : मावशीपासून नाही. त्या ‘हाय’वाल्यापासून वाचवतं. फेब्रुवारी २०२४ पासून सिग्नलवर नंबर लपवता येतो, नुसत्या युजरनेमवर काम भागतं.

अनघा : आणि खातं उघडायला नंबर लागतोच.

नाना : लागतो. पण ग्रुपमधल्या हजार लोकांना तो दिसत नाही. तुझ्या दोन्ही मुली गेल्या, त्यातली एक तरी राहिली असती.

अनघा : असती. पण तिथे तिला निरोप पाठवायला कोण असतं? २०२१ च्या जानेवारीत आपण करून बघितलंय की.

ते मलाही आठवतं, आणि वाचकांपैकी अनेकांना आठवेल. व्हॉट्सॲपची ती सूचना आली होती : नवं धोरण ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर ॲप वापरता येणार नाही. इलॉन मस्कने ‘सिग्नल वापरा’ एवढंच लिहिलं आणि धूम उडाली. इतके लोक एकदम घुसले की जानेवारीच्या मध्याला सिग्नलच बसलं. इकडे व्हॉट्सॲपने भारतातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन ‘तुमची गोपनीयता आम्हाला प्रिय’ असं सांगितलं आणि मुदत १५ मेपर्यंत ढकलली. मेपर्यंत बहुतेकांचा राग निवला होता. गंमत अशी की फेसबुकशी माहिती वाटून घेणं २०१६ मध्येच सुरू झालं होतं. नकार द्यायला तेव्हा ३० दिवस दिले होते. त्या ३० दिवसांत नकार दिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

अनघा : सिग्नलवर ग्रुप काढला. उत्साही मंडळी आली. पहिले काही दिवस सुप्रभात तिकडेही सुरू झालं. मग डेंग्यूचा एक पेशंट आला. प्लेटलेट घसरलेल्या, एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट, हवी. प्लेटलेट पाच दिवसांवर टिकत नाहीत, त्यामुळे रक्तपेढीत पडून नसतात. माणूस उठून यावा लागतो, मशीनवर तास-दीड तास बसावा लागतो. रात्रीची वेळ. मी दोन्हीकडे टाकलं. उत्तर व्हॉट्सॲपवरून आलं. पुढच्या वेळी मी एकाच ठिकाणी टाकलं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

नाना : मी जुना ग्रुप बंद केला असता. दोन दारं उघडी ठेवलीस की माणूस सवयीच्याच दाराने जाणार.

अनघा : आणि त्या मधल्या आठवड्यात ज्याला दाता मिळाला नसता, त्याच्या बायकोला सांगायला तुम्ही गेला असता?

नाना गप्प झाले. मला वाटतं, या सगळ्या वादाची गाठ इथेच आहे. ॲप बदलणं प्रत्येकाच्या हातात आहे, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. माझ्या एकट्याच्या बदलण्याने मी फक्त एकटा पडतो. सगळ्यांनी एकाच दिवशी हलायचं ठरवलं तरच ते हलणं, आणि तो दिवस ठरवणाऱ्याला त्या दिवशी चुकलेल्या निरोपाची जबाबदारी घ्यावी लागते. ती कुणी घेत नाही. अनघासारखी बाई तर मुळीच घेणार नाही, आणि तिने घेऊही नये.

अनघा : शिवाय आपला निरोप आपल्या ग्रुपपुरता नसतो. बॉम्बे ब्लड ग्रुपचं बघा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे यांनी तो शोधला. आपल्याकडे दहा हजारांत एखादा माणूस. त्याला ओ गटाचंही रक्त चालत नाही. असा दाता मिरजेत मिळाला तर नशीब. निरोप पुण्याला जातो, मुंबईला जातो, बेंगळुरूला जातो. मधले सगळे दुवे अनोळखी. कुणाच्या भिशीचा ग्रुप, कुणाच्या सोसायटीचा, कुणाचा वारीच्या दिंडीचा. सिग्नलवरून सुटलेला निरोप सिग्नलवाल्यांपुढे जाणार नाही, आणि ते किती?

नाना : तू म्हणतेस तसं लोकांनी हे निवडलं नाही. त्यांच्या गळ्यात घातलं गेलं. २०१२ मध्ये एका कंपनीने कॉलेजच्या पोरांसाठी महिना १६ रुपयांत व्हॉट्सॲप आणि फेसबुक वाटेल तेवढं, असा पॅक काढला होता. बाकीच्या इंटरनेटला पैसे, या दोघांना जवळजवळ फुकट. दूरसंचार नियामक ट्रायने असल्या वेगवेगळ्या दरांवर बंदी आणली फेब्रुवारी २०१६ मध्ये. तोवर देशाला सवय लागून गेली होती. २०१८ मध्ये बटणांच्या जिओफोनवरही व्हॉट्सॲप आलं. सिग्नल तिथे कधीच नव्हतं. आपल्या दात्यांतले रिक्षावाले, हमाल त्या फोनवरून तुझ्या ग्रुपमध्ये आले.

अनघा : म्हणजे तुमच्या सिग्नलने त्यांचा विचारच केला नाही.

नाना : त्यांच्याकडे पैसे कुठे होते? व्हॉट्सॲप २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला विकलं गेलं. ते काढणाऱ्या दोघांपैकी ब्रायन ॲक्टन पुढे बाहेर पडला, त्याने २०१८ मध्ये सिग्नलच्या संस्थेला ५ कोटी डॉलर दिले, त्यावर आणि देणग्यांवर ते चालतंय. नुसते नोंदणीचे एसएमएस पाठवायला वर्षाला ६० लाख डॉलर लागतात, असा हिशेब त्यांनी २०२३ मध्ये मांडला. जाहिरात नाही, माहिती विकणं नाही.

अनघा : फोन हरवला की जुनं सगळं जातं, हेही सांगा.

नाना : आयफोनवर ते होतं खरं. आता २०२५ मध्ये सुरक्षित बॅकअप आला. उशिरा आला, मान्य.

मला इथे एक सांगावंसं वाटतं. गोपनीयता जपणाऱ्या ॲपची मंडळी हे असले दोष फार हलक्याने घेतात. सामान्य माणसाच्या फोनमध्ये आईचा शेवटचा आवाज असतो, मुलाचा पहिला फोटो असतो. ते कंपनीच्या हाती पडतील, याच्यापेक्षा ते नाहीसे होतील ही त्याची भीती मोठी, आणि ती वेडगळ नाही.

नाना : बरं, सिग्नल नको तर मॅट्रिक्स बघ. तिथे कंपनीच नाही. आपला सर्व्हर आपण चालवायचा, आणि तो दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलतो. माझ्या पुतण्याने करून दाखवलंय.

अनघा : त्याचं जे ॲप आहे, एलिमेंट, ते मे २०२३ मध्ये सरकारने बंद केलेल्या १४ ॲप्सच्या यादीत होतं की नाही? काश्मीरमधले दहशतवादी वापरतात म्हणून? मी रक्तदात्यांना सांगू, या, सरकारने बंदी घातलेल्या ॲपवर या?

नाना : त्याच मॅट्रिक्सवर फ्रान्सच्या सरकारचं स्वतःचं ॲप चालतं. जर्मनीचं लष्कर वापरतं.

अनघा : फ्रान्सचं सरकार रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर माणूस ठेवतं. आपल्याकडे कोण उठणार? तुमचा पुतण्या पुण्यात, तुमचं बीपी माझ्याच दुकानातल्या गोळ्यांवर.

नाना : मोझिलाने केलंच ना? फायरफॉक्सवाले. त्यांचे जगभरचे स्वयंसेवक आयआरसीवर गप्पा मारायचे. २०२० मध्ये तो बंद करून ते मॅट्रिक्सवर गेले. त्याआधी चार पर्याय तपासले होते, त्यात स्लॅकही होतं.

अनघा : त्यांचं कामच ते. आणि आयआरसी का सोडलं? नव्या माणसाला आत येणं अवघड आणि त्रास देणाऱ्याला आवरणं अवघड, म्हणूनच ना? तेवढंच मी म्हणतेय. आत येणं सोपं हवं आणि टवाळाला बाहेर काढता यायला हवं. कुलूप किती भारी, हा प्रश्न तिसरा. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारी हुशार मुलंसुद्धा स्वतःच्या गप्पांसाठी डिस्कॉर्डवर जातात. का? दुव्यावर बोट ठेवलं की आत.

नाना : आणि त्याच डिस्कॉर्डच्या बाहेरच्या सेवा कंपनीकडून २०२५ मध्ये सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत, असं त्यांना जाहीर करावं लागलं.

अनघा : फुटले. पण किती जण सोडून गेले?

नानांनी चष्मा काढला. ते आता ॲप विकायचं सोडून आपल्या खात्याकडे वळले. एरवी निवृत्त माणसाच्या नोकरीच्या आठवणी मी ऐकत नाही, पण या वेळी ऐकल्या.

नाना : तुझं सगळं बरोबर धरतो. लोक जिथे आहेत तिथेच राहणार. मग मला सांग, माझा मोबाइल बीएसएनएलचा, तुझा जिओचा. माझा फोन तुला लागतो की नाही? मी तुला कधी म्हटलं का, बाई, माझ्याशी बोलायचं तर बीएसएनएलचं सिम घे? हे आपोआप झालेलं नाही. एका कंपनीने दुसरीचे फोन जोडून घेतलेच पाहिजेत, असा नियम आहे. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा जुन्या तीन कंपन्यांनी पुरेसे जोड दिले नाहीत. ट्रायने त्यांना ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. त्याच्या आधी, २० जानेवारी २०११ पासून, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. हे दोन नियम झाले म्हणून कुठली कंपनी घ्यावी हा माझा एकट्याचा प्रश्न राहिला. ॲपना हे दोन्ही लागू नाहीत. म्हणून तुझा प्रश्न हजार जणांचा होऊन बसलाय.

अनघा : ॲपला असं जमतं?

नाना : जमत होतं. गूगल टॉक दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलायचं. २०१३ मध्ये गूगलने नवं ॲप आणलं आणि दार लावून घेतलं. खुद्द व्हॉट्सॲप त्याच खुल्या पद्धतीच्या पायावर उभं राहिलं, फक्त दार पहिल्यापासून बंद. आता युरोपच्या कायद्याने त्यांना ते उघडायला लावलंय. २०२५ च्या अखेरीस दोन छोट्या ॲप्सपासून सुरुवात झाली.

अनघा : त्यात सिग्नल आहे?

नाना : नाही.

अनघा : का नाही?

नाना : (जरा वेळाने) त्यांचं म्हणणं, त्यांच्याइतकी गोपनीयता समोरचा पाळणार नसेल तर जोडून घेणार नाही.

अनघा : म्हणजे व्हॉट्सॲप दार उघडतंय आणि तुमचं सिग्नल आत जायला तयार नाही.

ती हसली. नानाही हसले, पण त्यांना ते लागलं. तरी सांगतो, मला नानांचा मुद्दा या वादातला सर्वांत भक्कम वाटला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणावरून त्याची मालक कंपनी मेटा हिला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला, अपिलातही तो टिकला. माना नाहीतर जा, असं म्हणणं हा बाजारातल्या ताकदीचा गैरवापर, असं आयोगाचं मत. दंड ठीकच. पण ‘जा’ म्हटल्यावर जायला वाट कुठे आहे? दंडाने ती वाट तयार होत नाही. एका ॲपवरून दुसऱ्यावर निरोप गेलाच पाहिजे, असा नियम भारतात नाही. मोबाइल कंपन्यांना जे बंधन घातलं ते निरोपांच्या कंपन्यांना घालायची मागणी कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात माझ्या वाचनात आलेली नाही. त्याऐवजी आपण स्वदेशी ॲप शोधतो. २०२५ च्या सप्टेंबरात अरट्टाईच्या मागे देश धावला. तेव्हा त्यातल्या लेखी निरोपांना व्हॉट्सॲपइतकंही कुलूप नव्हतं, ते नंतर आलं.

नाना : मग ठरलं काय? काहीच करायचं नाही?

अनघा : करायचं. मोठा ग्रुप इथेच राहील. पण त्याची कम्युनिटी करते. घोषणांच्या ग्रुपमध्ये ॲडमिनच लिहितो आणि सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ‘हाय’वाल्याची सोय संपली. दाता मला किंवा तुम्हाला परस्पर कळवेल. मावशीचीही सोय संपली.

नाना : आणि थॅलेसेमियाचा?

अनघा : तो तुम्ही न्या सिग्नलवर.

नाना बघतच राहिले.

अनघा : घरं थोडी आहेत, सगळी ओळखीची. दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येतात तेव्हा भेटतातच. तुम्ही एकेकाच्या फोनवर बसून घालून द्या. तिथे अनोळखी माणसाला आत आणायचं नाहीये, निरोप बेंगळुरूला पाठवायचा नाहीये. तिथे लपवण्यासारखं आहे आणि हलण्यासारखंही आहे. नाव मात्र दुसरं ठेवा.

नाना : सिग्नलवर नाव दिसत नाही म्हटलं ना.

अनघा : कंपनीला दिसत नसेल. शेजारी बसलेल्याला स्क्रीनवर दिसतं.

नानांनी वही काढून त्या घरांची नावं बघायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथेच संपलं. मोठ्या ग्रुपसाठी अनघाने निरोपाचा नमुना नव्याने केला, तो वाचकांसाठी इथे देतो : रक्तगट, किती बाटल्या, कुठल्या रक्तपेढीत यायचं, कधीपर्यंत हवं त्याची तारीख आणि वेळ, आणि संपर्काला ॲडमिनचा नंबर. पेशंटचं नाव नाही, आजार नाही, कॉट नंबर नाही. तुमच्याकडे जुन्या पद्धतीचा निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर एक फोन करा. गरज अजून असेल तर नाव आणि वॉर्ड खोडून, आजची तारीख घालून पाठवा. गरज संपली असेल तर ज्याने तुम्हाला पाठवला त्याला तसं कळवा आणि तुमच्या फोनमधून तो काढून टाका.